वाफेची मशीन आणि फडकं

वस्तू माणसांशी बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. मालनबाईकडे वाफेची एक मशीन होती. ती दिवसभर लोकांच्या गाड्यांच्या सीटा साफ करायची आणि संध्याकाळी घरातला चिकट ओटा. एकदा टाकीतलं पाणी संपत आलं, तरी ती गप्पच.

"अगं, सांग की बाईला," फडकं म्हणालं. "कोरडी तापलीस तर जळशील."

"थांबले तर आळशी म्हणतील."

"आणि जळलीस तर काय ओवाळणार आहेत?"

मशीनने वाफ बंद केली.

"आत्ताच थांबायचं होतं? अजून एक गाडी राहिलीय!" म्हणत मालनबाई पाणी भरायला झाकण उघडू लागली.

"हात भाजेल बाई! आधी मला निवू द्या."

चरफडत मालनबाई पायरीवर टेकली. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

मशीन केव्हाच निवली, पण तिने हाक मारली नाही.