राखलेल्या माळाचं कुसळ

"मेंढरं माळाची नासाडी करतात. उद्यापासून गवत फक्त विळ्यानं कापायचं. तुम्ही कळप घेऊन मुलूख सोडा!" इनामदारांनी धनगरांना फर्मावलं.

धुळाप्पा काठी उगारून उठला. थोरल्या बहिणीनं, ठकूअक्कानं, त्याला खाली बसवलं. "जातो, सरकार. पण आधी आमचा चरलेला माळ आणि तुमचा राखलेला माळ एकदा चालून बघा."

चरलेल्या माळावरून इनामदार ऐटीत आले. राखलेल्या माळातून आले ते धोतरभर कुसळं टोचून, नाचत.

अक्का म्हणाली, "सरकार, गवत कोवळं असताना मेंढरू त्याला खातं. विळ्याची वाट बघितली, की तेच गवत मालकाला खातं!"

माळभर हशा पिकला.

"हसताय काय?" इनामदार कुसळं उपटत ओरडले. "आधी माझ्या माळात मेंढरं सोडा!"

धुळाप्पानं मान ताठ करून कळप हाकला. असली अक्का साऱ्या मुलखात एकट्या त्यालाच होती.