दुसरी हाक

फार पूर्वी एका पाणवठ्यावर धोका दिसला की झाडावरचा म्हातारा वानर "खॉक!" करायचा आणि माळावरचा टिटवा तीच हाक टिटव्यांच्या बोलीत द्यायचा. एके दिवशी कोल्ह्याने त्या टिटव्यालाच उचललं. आठवडाही सरला नव्हता, तोच सभा भरली.

"टिटव्यांची घरं चार. दुसरी हाक कशाला?" रानडुक्कर गुरगुरलं. "एक रान, एक हाक!"

"दादाची पिल्लं कालची आहेत. त्यांना वानरबोली कुठून येणार?" मेलेल्या टिटव्याचा धाकटा भाऊ ठिपक्या उसळला.

"मग शिकव की!" सगळे हसले, आणि एकच हाक ठरली.

"मरा तिकडे!" म्हणत तो रागाने नदीपार उडाला.

दुपारी तिथूनच त्याला कोल्हा दिसला. वानराने "खॉक!" केलं, हरणं पळाली. पिल्लं मात्र उघड्यावर किडे टिपत राहिली. ठिपक्या झेपावला, पण मध्ये अख्खी नदी होती. इतक्यात झाडावरून घोगरा, बोबडा आवाज आला, "टिटीव! टिटीव!" पिल्लं ढेकळांसारखी निपचित बसली. कोल्हा शेजारून निघून गेला.

ठिपक्या नदी ओलांडून झाडाखाली उतरला. "वानरकाका, तुम्ही? सभेने तर..."

"सभा राहू दे. इतकी वर्षं तुझ्या दादाचा शेजार होता, एवढंही शिकलो नसतो तर? उच्चार चुकला ना रे?"

"चुकला," ठिपक्या रडता रडता हसला. "दादाने चिडवलं असतं तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी वानर पाणी प्यायला उतरला. मागच्या गवतात बिबट्या दबा धरून होता. तेवढ्यात माळावरून एक चिरका आवाज उठला, "खॉक! खॉक!"