चिकणमातीची घट्ट मूठ

खाडीला बांध नव्हता तेव्हाची गोष्ट. काठच्या सखल शेतातल्या चिकणमातीला एकच अभिमान होता. आलेला थेंब ती सोडत नसे. पलीकडच्या वाळूला ती उधळी म्हणे.

श्रावणात तिच्या कुशीतलं माडाचं रोप पिवळं पडलं. "आई, मुळं कुजतायत. थोडं पाणी सोड गं."

शेजारचा खेकडा म्हणाला, "मावशी, बोटभर बीळ पाडू? पाणी ओहोळात जाईल."

"माझ्या अंगाला भोक? चालता हो!"

गौरी यायच्या आधीच रोप आडवं झालं.

वैशाखात उन्हानं तिचं सगळं पाणी नेलं आणि तिला हातहात रुंद भेगा पडल्या. खेकडा बिऱ्हाडासकट आत शिरला.

"बीळ पाडायचे कष्ट वाचले, मावशी," तो म्हणाला. "रोप जगलं असतं, तर वर सावलीही मिळाली असती."