चिकी चिचुंद्रीची शंभरावी फेरी

एक होती चिचुंद्री. नाव तिचं चिकी. चिकी एवढीश्शी, पण सायकल केवढी! एकच चाक, तेही बैलगाडीएवढं.

सीटपुढे मीटर. दांड्याला मीटरचा कान. चाकाच्या तारेला चुंबक. चाक फिरे, चुंबक कानाजवळून जाई, मीटर म्हणे, टिक.

नव्व्याण्णव फेऱ्या झाल्या. तेवढ्यात चुंबक पडला. घाईघाईत नुसत्या दोऱ्याने बांधला होता ना! कावळ्याने तो उचलला.

चिकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
"कावळेदादा, कावळेदादा, चुंबक दे. चुंबक लागेल चाकाला, शंभर होतील फेऱ्या."
"एवढीशी तू, शंभर कसल्या? आधी भाकरी आण."

तुरुतुरु तुरुतुरु.
"सगुणामावशी, सगुणामावशी, भाकरी दे. भाकरी कावळ्याला, कावळा देईल चुंबक, चुंबक लागेल चाकाला, शंभर होतील फेऱ्या."
"चूल थंड आहे गं बाई. काटक्या आण."

तुरुतुरु तुरुतुरु.
"बाभळबाई, बाभळबाई, काटक्या दे. काटक्या मावशीला, मावशी देईल भाकरी, भाकरी कावळ्याला, कावळा देईल चुंबक, चुंबक लागेल चाकाला, शंभर होतील फेऱ्या."
"मुळं सुकलीत माझी. पाणी आण."

विहिरीवर होता रहाट. तुरुतुरु तुरुतुरु.
"रहाटदादा, रहाटदादा, पाणी दे. पाणी बाभळीला, बाभळ देईल काटक्या, काटक्या मावशीला, मावशी देईल भाकरी, भाकरी कावळ्याला, कावळा देईल चुंबक, चुंबक लागेल चाकाला, शंभर होतील फेऱ्या."
"कुईं कुईं. मला फिरवतच नाही गं. तेल आण."

चिकी थांबली. मग हसली. तेलाची कुपी तिच्या कमरेलाच होती. चाकवाली ती, तेलावाचून कशी राहील?

रहाटाला तेल, टिप टिप. रहाटाने दिलं पाणी, खळखळ. बाभळीने दिल्या काटक्या, कडकड. मावशीने दिली भाकरी, थप थप. कावळ्याने दिला चुंबक, टण्.

या वेळी चिकीने घाई केली नाही. चुंबक तारेला घट्ट बसवला. कानापासून तांदळाच्या दाण्याएवढा लांब. जवळ असला तर घासतो, दूर असला तर कानाला कळत नाही.

चिकी चढली, सरसर. चाक फिरलं, घर्रर्र. मीटर म्हणालं, टिक.

कावळा मीटरपाशी आला. मान वाकडी करून बघितलं.
"शंभर," तो हळूच म्हणाला.
"माझ्या," चिकी म्हणाली. तिची मान ताठ होती.

कावळ्याने अर्धी भाकरी तिच्यापुढे ठेवली.

चाक गोल, भाकरी गोल, आमची गोष्टही झाली गोल.