दोन माद्या आणि एक चिमटा

“मग फरक काय गा दोघींत?”

झिंगरूबाबांनी विचारलं आणि त्यांच्या चेल्याला, मारोतीला, आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आज जो नीट सांगेल त्याच्या हाती मठाचा चिमटा, म्हणजे पुढची गादीच, असं बाबा सकाळीच बोलून बसले होते. मारोतीनं तर चिमटा ठेवायला खुंटीही ठोकली होती.

अंगणात ऐनाच्या झाडाच्या दोन फांद्या रोवलेल्या. दोन्हींवर दोऱ्यानं बांधलेली एकेक पतंगाची मादी. एक कोशाची, जिच्या अळ्या गाव रेशमासाठी पाळतं. दुसरी तिची रानातली चुलतबहीण. रंगानं, अंगापिंडानं जुळ्याच म्हणा ना.

मारोती सुटला. हिच्या पंखावरचा डोळा काचेसारखा आरपार, तिचा धुरकट. हिची कड नागमोडी, तिची सरळ. मिशा, पाय, पोटावरची लव... श्वास घ्यायलाही थांबला नाही पठ्ठ्या. कोसा पिकवणारी गिरजाबाई पदराआड खुदखुदत होती. बाबा लहान पोरागत मान डोलवत होते.

“झालं?”

“झालं, बाबा.”

बाबांनी त्याला पाठमोरं बसवलं, माद्या सोडवल्या आणि दोन टोपल्यांखाली झाकल्या.

“फीर आता. कोणती कुठं?”

“झाकल्यावर कसं दिसणार?”

“थांब मग...”

दिवस कलला. मादीच्या वासावर नर लांबून येतो. कोसावाले रानातला नर असाच तर धरतात. ऐनांमधून एक आला, फडफडत, भेलकांडत. मारोती ताडकन उठला. नर पहिल्या टोपलीवरून नुसता गेला आणि दुसरीवर असा ऐसपैस बसला, जसा जावई सासऱ्याच्या ओसरीवर.

बाबांनी टोपली उचलली. आत कोशाची मादी. नरही कोशाचाच.

“मारोतीबुवा, याला तुमचे थोडे डोळे द्या ना,” गिरजाबाई म्हणाली.

मारोतीला हसू येईना, बसवेना.

“यानं तर काहीच पाहिलं नाही, बाबा!”

“नाही पाहिलं.”

मग हळूच, नजर चिमट्यावर ठेवून मारोती म्हणाला, “पण माझं उत्तर बरोबर होतं ना?”

“एकदम बरोबर.”

बाबांनी ती जोडी फांदीवर ठेवली, चिमटा उचलला आणि रिकाम्या झालेल्या दुसऱ्या टोपलीखाली सरकवला. पहिलीखालची रानातली मादी उडवून दिली, ती टोपली स्वतःच्याच डोक्यावर पालथी घातली, पार खांद्यापर्यंत ओढली आणि मांडी ठोकून बसले.

मारोती दोन टोपल्यांच्या मधोमध उभा.

टोपलीतून आवाज आला, “आणि तू गा... तू कोणाच्या वासावर आलास?”