सोवळ्यातली बहीण

सृष्टीच्या पहिल्या सकाळी ऋणा आणि धना या जुळ्या कणबहिणी जन्मल्या. रूप एक, वजन एक, विजेचा भार मात्र उलटा; ऋणा कण, तर धना तिचा प्रतिकण. धनाला चुंबककाकांनी रिकाम्या बरणीत अधांतरी, अगदी सोवळ्यात ठेवलं. बरणीच्या काचेत राबणारी ऋणा जळफळायची, “मेलीचे लाड बघा! मी शिवणारच तिला.”

“नको गं बाई,” काका कळवळले, “शिवलीस की दोघीही नाहीशा व्हाल. उरेल तो नुसता उजेड.”

आतून धना म्हणाली, “ताई, तू काचेत, फुलात, लेकराच्या गालात असतेस. मला कुणाला टेकताही येत नाही. हेवा तर मीच करते तुझा.”

ऋणाचा पुढे झालेला हात थबकला. आता दर संक्रांतीला ती काचेतूनच हाक मारते, “धने, लांबूनच लावते गं हळदीकुंकू!”