राजवाड्याला जकात माफ

फार फार वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण चूक मोठ्यांचीच आहे.

उसाच्या मळ्यांनी वेढलेलं एक राज्य होतं. तिथं कुणाच्याही दारी मूल आलं, की त्याच्या हाती साखरपाकाच्या सरबताचा पेला द्यायचा, अशी रीत. नुसतं पाणी पुढं केलं तर ‘काय मेली चिकट बाई!’ म्हणून गावभर बोभाटा. एकेक लेकरू दिवसाला दहा-दहा पेले रिचवायचं.

हळूहळू मुलांचे दात किडले, अंगं फुगली. चार पावलं धावली तरी धाप लागायची. तेव्हा म्हातारी वैदीणबाई दरबारात गेली.

“महाराज, सरबत थांबत नाही, म्हणून माझं औषध लागू पडत नाही. सरबतावर जकात बसवा. महाग झालं की लोक आपोआप हात आखडता घेतील. आणि त्या पैशातून शाळांपाशी विहिरी खणा.”

राजाला पटलं. दवंडी पिटली गेली. लोकांनी चार दिवस बोटं मोडली, पण जकात टिकली.

राणीला मात्र ते सोसेना. “आपल्या एकुलत्या एका बाळाला ही शिक्षा का हो?” तिनं डोळ्याला पदर लावला. राजा विरघळला. राजवाड्याला जकात माफ झाली.

वैदीणबाई पुन्हा आली. “महाराज, युवराजांचं शरीर काय वेगळ्या मातीचं आहे?”

राजा हसला. “बाई, माझ्याही मुलानं हात राखून प्यायचं, तर मग मी राजा कशाला?”

वर्षं गेली. गावात सरबत सणासुदीपुरतं उरलं. मुलं विहिरीवर ओंजळीनं पाणी पीत, मनसोक्त हुंदडत. राजवाड्यात पेले भरतच होते. युवराजाची तहान भागेना, पायाची जखम भरेना. एके सकाळी खिडकीखाली मुलांची शर्यत चालली होती आणि तो म्हणाला, “आबासाहेब, आवाज ऐकू येतो. मुलं का दिसत नाहीत?”

वैदीणबाईला धावतपळत आणलं. तिनं डोळे तपासले. “सरबत आजच बंद केलं तर जीव वाचेल. नजर गेली ती गेली.”

राजा ढसाढसा रडला. “बाई, तेव्हाच मला बजावून का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं, महाराज. तुम्ही हसलात.”

राजानं त्याच दिवशी माफी रद्द केली आणि साध्या पाण्याचा पेला स्वतः मुलाच्या ओठांना लावला. युवराजानं चाचपत बापाचा हात धरला. “आबासाहेब, गावातल्या सगळ्या मुलांना तुम्ही वाचवलंत. मग मलाच का नाही?”



तात्पर्य : सर्वांच्या भल्याच्या नियमातून जो लाडापोटी आपल्याच लेकराला वगळतो, तो त्याचं भलंच हिरावून घेतो.